एकोणीस वेळा एक

पापडी, वसई
२५ मे २००३

प्रिय थेरेसा,

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला, फोन येऊन महिना. फोनवर मी ‘हो, बघते, कळवते’ एवढंच म्हणत राहिले आणि तू शेवटी वैतागून ‘वसू, तुझं हे बघते-बघते मी सात वर्षं ऐकतेय’ म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. बरोबरच केलंस. पण बाई, आमचा फोन बाबांच्या उशाशी असतो हे तू विसरतेस. त्यांचं उजवं अंग गेलंय, कान शाबूत आहेत. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, तेव्हा तुझ्या नवऱ्याला आजचा चहा त्याचा त्याला करायला सांग आणि नीट बसून वाच.

इकडची खबर म्हणशील तर बर्थामावशींचे गुडघे कुरकुरतात, पण रविवारची चर्चमधली मिस्सा चुकत नाही आणि परत येताना आमच्याकडे डोकावणंही चुकत नाही. ‘माझी थेरेसा मस्कतला शाळेत भूगोल शिकवते’ हे त्या मला दर रविवारी नव्याने सांगतात. आमच्या मागची केळीची वाडी गेली. आपण शाळेत असताना जिथली वेलची केळी चोरून खायचो तिथे आता चार मजली इमारत उभी आहे, आणि तिची भिंत आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर लागते. भर दुपारी दिवा लावून मी भाजी चिरते. बाबांच्या खोलीची खिडकी तेवढी मोकळी राहिली आहे. पण बाबांना बाहेरचं दिसावं म्हणून पलंग तिच्याकडे तोंड करून लावलाय, आणि माझी खुर्ची पलंगासमोर. म्हणजे खिडकीकडे माझी पाठ. अकरा वर्षं मी तशी बसते आहे.

बाबांचं, म्हणजे तुझ्या मास्तरांचं, गणित सुटलं आणि घरोघर पेढे वाटले, हे मावशींनी तुला कळवलंच असेल. कुठलं गणित, हे त्यांना सांगता आलं नसणार. तू स्वतः गणितात काठावर पास, तेव्हा तुला सोपं करून सांगते. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ती मूळ संख्या, हे बाबांनी आपल्याला आठवीत शिकवलं होतं. जिला भाग जातो तिला ते ‘फुटली’ म्हणायचे. ब्याण्णवच्या जानेवारीत झटका आला, उजवा हात-पाय गेला, आणि डॉक्टर म्हणाले की मेंदूला काम द्या, रोज पाढे म्हणून घ्या. मी ‘बे एके बे’ म्हटल्यावर बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही. दोन दिवसांनी त्यांनी पाटी मागितली, डाव्या हातात पेन्सिल धरली आणि नुसते एक, एक, एक असे एकापुढे एक लिहीत गेले. दोन वेळा एक, म्हणजे अकरा, ही मूळ संख्या. मग तीन वेळा एक, चार वेळा एक, अशा पुढच्या सगळ्या फुटतात का, हे बघायचं ठरलं.

फुटत गेल्या. एकशे अकरा म्हणजे तीन गुणिले सदतीस. पाच एक लिहिले तर एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर. ज्यांच्यातले एक मोजले तर सहा, आठ, नऊ असे फुटणारे आकडे येतात, त्या संख्या आपोआपच फुटतात, म्हणून फक्त हट्टी तेवढ्या घ्यायच्या: अकरा वेळा एक, तेरा वेळा, सतरा वेळा. अकराची महिन्याभरात फुटली. तेराची, जिथून सुरुवात करता येते त्या पहिल्याच भाजकाला, त्रेपन्नला फुटली. बाबा तोंड वाकडं करून हसले, कारण त्यांना तसंच हसता येतं, आणि म्हणाले, ‘एक घाव दोन तुकडे.’ खरं तर तुकडे तीन झाले, पण आजारी माणसाचं कशाला काढा. सतराच्या संख्येनं मात्र जवळजवळ तीन वर्षं घेतली. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस हा तिचा भाजक, शहाण्णवच्या फेब्रुवारीत सापडला. त्या दिवशी मीसुद्धा मनापासून नाचले गं. आम्ही दोघंच, ना बघायला कुणी ना विचारायला कुणी, पण एवढा आनंद मला माझ्या बी.एस्सी.च्या निकालाचाही झाला नव्हता.

त्याच उन्हाळ्यात मस्कतहून तुझं पहिलं पत्र आलं होतं. गणिताची बाई हवी आहे, राहायची सोय आहे, ये. मी एकतीस वर्षांची होते. संकेत तेव्हाच विरारला फ्लॅट घेऊन बसला होता आणि ‘बाबांना माझ्याकडे पाठव, ताई’ म्हणत होता, त्याची बायको रीमाही मनापासून म्हणत होती. मी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पाटी जवळ ओढली. मग म्हणाले, ‘एकोणीसची घेतलीय आपण. ती फुटली की जा.’ मी विचारलं, कधी फुटेल? तर म्हणाले, ‘उद्यासुद्धा फुटेल. तेराची नाही का पहिल्या फटक्यात फुटली!’ थेरेसा, मला सोडून जाऊ नकोस, असं बाबांना म्हणता येत नाही. आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस, त्यांनी गणित घातलं. आणि मी तुला कळवलं की दोन-चार महिन्यांत येते.

एकोणीस वेळा एक. ही संख्या कशाने फुटायची असेल तर तो भाजक अडतीसच्या पाढ्यात एक मिळवून येणाराच असला पाहिजे, एवढं बाबांनी मला सिद्ध करून दाखवलं होतं. म्हणून आम्ही अडतीसच्या पायऱ्यांनी वर चढायचो. त्यांतले तीनने, सातने, अकराने वगैरे फुटणारे आकडे बाबा पाटीवरून उडवायचे, उरलेल्याने मी वहीत भागाकार करायचे, आणि अंकांच्या बेरजा करून बाबा नऊचा ताळा घ्यायचे. दिवसाला बारा, कधी पंधरा. दुपारी तीन ते साडेचार आणि संध्याकाळी दिवे लागले की पुन्हा. एकदा मी बसून काढलं, की ही संख्या फुटलीच नाही तर अशा चालीने खात्री पटायला किती लागतील. सातशेच्या वर वर्षं आली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘तोवर फुटेल.’ सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी रोज अंघोळ घालून पुसत होते. सकाळी बायजा यायची मदतीला, कामणहून, पहिल्या एस.टी.ने. ती बिचारी रोज विचारायची, ‘काय ताई, फुटला का मास्तरांचा नारळ?’ आणि मी नाही म्हटलं की, ‘कोनी घातलाय हा आकडा म्हाताऱ्याला, कोन जाने’ म्हणत पाणी तापवायला जायची.

आता जे सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात मी चष्मा करायला वसई रोडला स्टेशनजवळ गेले होते. चष्मा मिळायला तासभर होता आणि शेजारीच इंटरनेटचं नवं दुकान उघडलं होतं. मी आत गेले. तिथल्या मुलीने मशीन चालू करून दिलं आणि मी एका बोटाने विचारलं. उत्तर यायला पाच मिनिटंही लागली नाहीत. एकोणीस वेळा एक ही मूळ संख्या आहे. कशानेही फुटत नाही. आणि हे कुणीतरी सिद्ध करून ठेवलेलं होतं, बाबांच्या जन्माच्याही बारा-तेरा वर्षं आधी!  बाबा म्हणाले होते, फुटली की जा. आणि ती फुटणारच नव्हती. मी चष्मा घेतला, रिक्षा केली, घरी आले, बाबांना चहा दिला आणि चार वाजता पुढच्या भाजकाने भागायला बसले.

तू म्हणशील, अगं मग सांगायचं ना बाबांना! विसरलीस का, दर जूनमध्ये बाबा काय करायचे? वर्गातल्या प्रत्येकाचं गणिताचं पुस्तक मागवून शेवटची उत्तरांची पानं पात्याने कापून काढायचे, सुतळीने बांधून कपाटात ठेवायचे आणि एप्रिलमध्ये ज्याची त्याला परत करायचे. तू मात्र दुसरं पुस्तक विकत घेऊन ठेवलं होतंस, आणि ते कळल्यावर तीन दिवस ते तुझ्याशी बोलले नव्हते. झटक्यानंतर आमचं हे सगळं सुरू झालं तेव्हा त्यांनी पहिली अट हीच घातली होती, की कुणाला विचारायचं नाही, कुठे वाचायचं नाही. उत्तर बघून आलेल्या मुलीचं तोंड मी त्यांना कसं दाखवणार होते? इकडे आड, तिकडे विहीर. सांगावं तर त्यांच्या हातातलं एकुलतं एक काम मी काढून घेणार, न सांगावं तर मी मरेपर्यंत त्या खुर्चीत. मग मी गप्प बसले. चार वर्षं, थेरेसा. बाकी उरणार हे पक्कं माहीत असताना रोज बारा वेळा मी भागाकार केला आणि रोज बारा वेळा बाबांना सांगितलं, ‘नाही गेला भाग.’  एकदा मी पेन्सिल भिंतीवर फेकून मारली आणि बायजावर विनाकारण ओरडले. बाबांनी पाटीवर पुढचा आकडा लिहिला. त्या वेळी मला त्यांचा इतका राग आला की लिहायला लाज वाटते.

मग या एप्रिलमध्ये तुझं पत्र आलं. पुन्हा जागा आहे, ऑगस्टपासून, आणि चाळिशीनंतर शाळा नव्या माणसाला घेत नाही. मी अडतीस पूर्ण केलेत. या वेळी मी पत्र बाबांना वाचून दाखवलं नाही. मी दुसरंच काहीतरी केलं.

सलग तीन दिवस दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर मी स्वयंपाकघरात, त्या भिंतीसमोर, दिवा लावून बसले आणि एक भागाकार उलटा मांडला. शेवटचं शून्य आधी लिहिलं आणि तिथून एकेक पायरी वर चढत गेले. वरून खरा भागाकार खाली येत होता, खालून माझा खोटा वर जात होता, आणि मधल्या एका वजाबाकीत मी दोन्ही जुळवून टाकले. भाजक घेतला ऐंशी लाख त्र्याहत्तर हजार आठशे तेवीस. वजाबाकीतली चूक नऊच्या पटीत ठेवली, म्हणजे बाबांचा ताळा बिघडणार नाही. त्यांनीच शिकवलंय मला, की नऊची चूक नऊच्या ताळ्याला दिसत नाही. ज्याने शिकवलं त्याच्यावरच ते वापरलं.

सात मेला, बुधवारी, मी तो कागद त्यांच्यापुढे धरला.  बाबांनी चष्मा मागितला. वरून खाली सावकाश बघितलं, शून्यापाशी आले, पुन्हा वर गेले. ताळा घेतला. जुळला. मग कागद छातीवर ठेवून त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, ‘फुटली, वसू.’ त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही रडले, आणि माझ्या रडण्यात काय काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. बायजाने तर उंबऱ्यावर खरोखरचा नारळ फोडला. बाबांनी तिला पेढे आणायला पिटाळलं आणि लगेच संकेतला फोन लावायला सांगितला. त्याला म्हणाले, ‘जुलैत मला न्यायला ये. वसूला मस्कतला जायचंय.’ मी तर त्यांना तुझ्या या पत्राबद्दल एक अक्षर बोलले नव्हते! पण त्या गडबडीत, आणि माझ्या मनात चोर असल्यामुळे, ते माझ्या ध्यानात आलं नाही. तुझा फोन त्यांनी ऐकला असेल, एवढंच नंतर मनाशी म्हटलं.

पहिला दिवस मी तरंगत होते. दुसऱ्या दिवसापासून मी पेढ्याला हात लावला नाही. जो येईल त्याला बाबा सांगत होते, ‘वसूने फोडली’, आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने आत जात होते. तीन ते साडेचार आता काही काम नव्हतं. मी आपली खुर्ची खिडकीकडे फिरवून बसायचा प्रयत्न केला तर बाबा दिसेनासे झाले, म्हणून पुन्हा फिरवली.

परवा, शुक्रवारी, संकेतकडे न्यायचं सामान काढायला घेतलं. बाबांना खुर्चीत बसवून बायजाने गादी उन्हात टाकायला उचलली, तर खालून कागद घसरले. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या मागच्या बाजू, पोस्टाची पाकिटं उलगडून. बायजाने ते गोळा करून माझ्या हातात दिले. पहिल्यावर गुणाकार होता. माझा भाजक गुणिले माझा भागाकार, बाबांच्या डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात. उत्तर डावीकडून एक, एक, एक असं येत होतं, उजवीकडूनही एक, एक, एक असंच, आणि मधले सहा-सात आकडे भलतेच. खाली तारीख, सात मे. म्हणजे पेढे वाटले त्याच संध्याकाळी त्यांना कळलं होतं. आणि तारखेच्या खाली, तपासलेल्या वहीवर करतात तशी त्यांनी सही केली होती आणि लिहिलं होतं, ‘बरोबर’. चौतीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने कुणाला अर्धा गुण वाढवून दिलेला नाही. मुख्याध्यापकांच्या मुलाला चौतिसावर नापास केलं होतं, तुला आठवत असेल. बाकीच्या कागदांवर आठ मेपासून पुढचे भागाकार होते. अडतीसच्या पुढच्या पायऱ्या, रोज दोन, कधी तीन, एकट्याने केलेले. मी स्वयंपाकघरात असताना करत असणार. प्रत्येकात बाकी उरली होती.

मी कागद होते तसे गादीखाली ठेवले आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले. बाहेर आले तर बाबांनी विचारलं, ‘गादीखाली काही सापडलं का?’ मी म्हटलं, नाही. ‘बरं,’ ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

तेव्हापासून मला झोप नाही. शुक्रवारपर्यंत मी निदान चोरून पळत होते, आता तर ते स्वतः दार उघडून उभे आहेत. अशा माणसाला सोडून जायचं? मन म्हणतं, राहा. आणि इथेच मला माझी भीती वाटते, कारण हे मन मला ओळखीचं आहे. चार वर्षं मी ते उत्तर बाबांसाठी लपवलं असं तुला वर लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. ती संख्या फुटत नव्हती हे माझ्याही सोयीचं होतं. मला वसईबाहेर कधी एकटीने राहता आलेलं नाही, अनोळखी मुलांपुढे खडू हातात घेऊन उभं राहायचं मला धाडस होत नाही, आणि ‘बाबांचं गणित राहिलंय’ म्हटलं की कुणी पुढे काही विचारत नाही. बाबांनी मला अडकवलं खरं, पण आतून कडी मीही लावून घेतली होती. ते त्यांना माझ्या आधी कळलं असावं. नाहीतर त्यांनी चुकीच्या गणितावर सही केली नसती.

म्हणून हे पत्र. सोबत अर्ज भरून सही करून पाठवते आहे, फोटो आणि दाखल्यांच्या नकलाही आहेत. दहा जूनच्या आत शाळेत दे. आणि नीट ऐक. येत्या आठ-दहा दिवसांत मी तुला फोन करीन आणि येत नाही म्हणून सांगेन. बाबांना ताप आहे म्हणेन, रीमाला जमत नाही म्हणेन, कदाचित बाबांच्या देखत, खूप शांत आवाजात सांगेन. त्यातलं एकही कारण खरं धरू नकोस. माझ्याशी वाद घालू नकोस, समजूतही काढू नकोस, फक्त ‘अर्ज दिला’ म्हण आणि फोन ठेव. उद्या सकाळी बायजा येईल तेव्हा हे पाकीट तिच्याकडे देणार आहे, कामणच्या पोस्टात टाकायला. इथलं पोस्ट चार पावलांवर आहे, पण मी स्वतः गेले तर ते तसंच परत घेऊन येईन.

तुझीच,
वसू